गोड किती खाल्लं, यापेक्षा कितीदा खाल्लं

"आमच्याकडे गोड फारसं कुणी खातच नाही हो, तरी हिच्या तीन दाढा कशा किडल्या?" दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि तो विचारणारी आई खोटं बोलत नसते. घरात बासुंदी होते ती सणावाराला. चॉकलेट येतं ते कुणी पाहुणे आले तर. पण मुलीचा दिवस तास-तासाने विचारत गेलं की चित्र बदलतं. सकाळी दुधात बुडवलेली बिस्किटं, रिक्षात बसताना हातात उरलेलं एक, मधल्या सुट्टीत जॅम लावलेली पोळी, शाळेतून आल्यावर वेफर्स, खेळताना खिशातली गोळी, संध्याकाळी आजोबांच्या चहातला बशीभर चहा आणि झोपताना साखर घातलेलं दूध. यातल्या एकाही गोष्टीला आपण 'गोडधोड' म्हणत नाही. दातांच्या हिशेबात मात्र दिवसभरात सात वेळा आम्लाचा मारा झाला.

हा 'मारा' काय असतो ते एकदा नीट कळलं की दात सांभाळण्याच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात. पाठ कराव्या लागत नाहीत.

दातात किडा नसतो

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. किडलेल्या दातात वळवळणारी अळी नसते. बियांची धुरी देऊन दाढेतले 'किडे पाडून दाखवणारे' लोक गावोगावच्या बाजारांत असायचे. पाडलेला किडा आणि दाढेचा ठणका यांचा काहीही संबंध नव्हता. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिनमध्ये राहून तोंडातल्या जिवाणूंचा अभ्यास केला आणि १८९० मध्ये आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. तोंडातले जिवाणू अन्नातल्या साखर-पिष्टापासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, असं त्याचं म्हणणं. पुढे बरीच भर पडली, पण त्याचा गाभा आजही तोच आहे.

दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. हाडापेक्षा कठीण, पण हाडाकडे असलेली एक गोष्ट त्याच्याकडे नाही, ती म्हणजे जिवंत पेशी. मोडलेलं हाड सांधलं जातं, कारण आत काम करणाऱ्या पेशी असतात. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. म्हणजे जे कवच मिळालं ते एकदाच.

हे कवच चावण्याचा, थंड-गरमाचा मारा वर्षानुवर्षं सोसतं, पण आम्लापुढे हरतं. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच. शुद्ध पाण्याचा पीएच ७, आणि आकडा जितका खाली जाईल तितकी आम्लता जास्त. दातालगतचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटून बाहेर यायला लागतात. कीड लागण्याची सुरुवात ती हीच.

आम्ल बनवणारे जिवाणू बाहेरून येत नाहीत, तोंडातच राहतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, तो यांचाच. त्याला प्लाक म्हणतात. यातला सर्वांत बदनाम जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. जे. किलियन क्लार्क या संशोधकाने १९२४ मध्ये किडलेल्या दातांमधून तो वेगळा काढला. त्याला आपल्या डब्यातली साधी साखर दोन कारणांसाठी हवी असते. एक म्हणजे खायला, ज्यातून आम्ल तयार होतं. दुसरं म्हणजे चिकटून बसायला. याच साखरेपासून तो गोंदासारखा पदार्थ बनवतो आणि दातावर पक्का बसतो. हा थर नुसत्या चुळा भरून जात नाही, घासूनच काढावा लागतो, त्याचं कारण हे.

अर्ध्या तासाचा खेळ

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टेफन या अमेरिकन संशोधकाने एक सरळ प्रयोग केला. लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि दातांवरच्या प्लाकचा पीएच मोजत राहिला. काही मिनिटांतच पीएच घसरून धोक्याच्या रेषेखाली गेला. मग हळूहळू वर चढत पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागला. दंतवैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आज या घसरण-चढणीची वक्ररेषा असते.

पीएच वर आणते ती लाळ. लाळेकडे आपण कधी लक्ष देत नाही, पण दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होणारा हा द्रव आम्ल धुऊन काढतो, उरलेलं मारतो आणि त्यातच विरघळलेलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देतो. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा हा व्यवहार आहे. रोज थोडं उचललं आणि रोज फेडलं तर दुकानदाराची तक्रार नसते. फेडायला वेळच न देता उचलत राहिलं की मात्र बाकी चढत जाते, आणि एक दिवस वसुली होते.

आता यातून एक गोष्ट निघते, जी आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. एक पेढा खाल्ल्यावर पीएच जितका घसरतो, त्याच्या चौपट काही चार पेढे एकदम खाल्ल्याने घसरत नाही. जिवाणूंचीही आम्ल बनवायची एक मर्यादा आहे. पण तेच चार पेढे दोन-दोन तासांनी एकेक करून खाल्ले, तर चार वेळा घसरण आणि चार वेळा अर्धा-पाऊण तास दाताची झीज. मधुमेहाच्या आणि पोटाच्या दृष्टीने चार पेढे ते चारच, त्यात सवलत नाही. इथे बोलणं फक्त दातांपुरतं आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा स्वीडनमधून आला, आणि तो ज्या मार्गाने आला तो लाजिरवाणा होता. लुंड शहरातल्या व्हीपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं ठेवलेली होती. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. काहींना जेवणासोबत, काहींना जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या. त्या माणसांची संमती घेण्याचा प्रश्न कुणाला पडला नाही आणि त्यांचे दात जाणूनबुजून किडवले गेले. आज असा प्रयोग कुठलीही समिती मंजूर करणार नाही, करूही नये. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली होती. जेवणांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा, दाताला चिकटून राहणाऱ्या टॉफ्या खाणाऱ्यांची कीड झपाट्याने वाढली. टॉफ्या बंद केल्यावर वाढ मंदावली. यानंतर स्वीडनमध्ये मुलांना आठवडाभर गोळ्या-चॉकलेटं न देता शनिवारी एकदाच खाऊ देण्याची पद्धत रुजली. ती अजून आहे.

आपल्याकडेही मला हाच उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. 'गोड बंद' असं फर्मान घरात चार दिवस टिकतं. 'गोड जेवणासोबत, मधे नाही' हे टिकू शकतं.

आपल्या दिवसातल्या चोरवाटा

चहापासून सुरू करू, कारण महाराष्ट्रात बऱ्याच गोष्टी तिथूनच सुरू होतात. सकाळ-संध्याकाळ दोन कप साखरेचा चहा, पाच मिनिटांत पिऊन संपवलेला, याची दात फारशी तक्रार करत नाहीत. ऑफिसात टेबलावर कप ठेवून तासभर घोट-घोट घेणारा माणूस मात्र प्रत्येक घोटाला घड्याळ पुन्हा शून्यावर आणतो. साखर अर्धा चमचा असली तरी. चहाबरोबरचं बिस्किट चहापेक्षा वाईट, कारण ते भिजून दाढांच्या खाचांमध्ये लगद्यासारखं बसतं आणि बराच वेळ तिथेच राहतं.

वेफर्स, कुरकुरीत पाकिटं, मैद्याचे पदार्थ तिखट-खारट असतात म्हणून निरुपद्रवी वाटतात. पण शिजवलेल्या पिष्टाची साखर तोंडातच व्हायला लागते, आणि हे पदार्थ दाताला चिकटतातही. ज्याला गोड आवडत नाही पण दिवसभर काहीतरी तोंडात टाकायला लागतं, त्याचे दात का किडतात याचं उत्तर इथे आहे.

उपवासाचा दिवस तर पाहण्यासारखा असतो. दोन वेळचं जेवण नाही, म्हणून सकाळी चहा, मग दोन खजूर, मग राजगिऱ्याची चिक्की, दुपारी खिचडी, परत चहा, बटाट्याचा चिवडा, संध्याकाळी रताळ्याचा गोड कीस. पोटाला विश्रांती मिळते की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, दाताला मात्र त्या दिवशी जादा काम लागतं. गणपतीतही तसंच. नैवेद्याच्या पानावर वाफाळते पाच मोदक खाल्ले तर ते जेवणाचा भाग आहेत. खरा त्रास आहे तो दहा घरी दर्शनाला जाऊन दहा वेळा तोंडात टाकलेल्या प्रसादाच्या खडीसाखरेचा. प्रसाद नाकारा असं मी म्हणणार नाही. डबीत घालून घरी आणा आणि जेवणाबरोबर खा.

गूळ आणि मध 'नैसर्गिक' आहेत म्हणून जिवाणू त्यांना सूट देत नाहीत. बडीशेपेवरचं रंगीत साखरेचं आवरण, घशाला आराम म्हणून चघळायच्या गोळ्या, मुलांची खोकल्याची गोड औषधं, हेही याच यादीतले. सतत औषध घेणाऱ्या मुलाला ते शक्यतो जेवणाच्या वेळी द्यावं आणि नंतर पाणी प्यायला लावावं. डॉक्टरांना बिनसाखरेचं औषध आहे का तेही विचारावं. मधल्या वेळेसाठी भाजलेले शेंगदाणे, चणे, काकडी, चीजचा तुकडा चांगला. फळ चावून खावं, त्याचा रस काढून पीत बसू नये. आणि तहानेला पाणी. हे इतकं साधं आहे की कुणी ऐकत नाही.

कोलासारखी पेयं दुहेरी नुकसान करतात. त्यांत साखर तर असतेच, शिवाय ती मुळातच आम्लधर्मी असतात. जिवाणूंच्या मदतीशिवायही ती एनॅमल झिजवतात, त्यामुळे 'शुगर-फ्री' कोला दाताला पूर्ण सुरक्षित नाही. लिंबू आणि कोकम सरबतंही आंबटच. उन्हाळ्यात ती प्यावीत, पण एका बैठकीत, आणि नंतर लगेच ब्रश घेऊन घासायला बसू नये. आम्लाने वरचा थर तात्पुरता मऊ झालेला असतो, तो घासण्याने खरवडला जातो. अर्धा तास जाऊ द्यावा. गरोदरपणात उलटी झाल्यावरही हाच नियम. आधी पाण्याने चूळ भरावी, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर उत्तम, आणि ब्रश नंतर.

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे, तर 'बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं' हे खरं नाही. दातातलं कॅल्शियम शरीराला असं काढून वापरता येत नाही. त्या महिन्यांत थोडं-थोडं खाणं वाढतं, उलट्या होतात, हिरड्या सुजतात, ब्रश तोंडात घातला की मळमळतं म्हणून घासणं टळतं. दात बिघडतात ते यामुळे.

रात्र वैऱ्याची

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसा जो पीएच अर्ध्या-पाऊण तासात वर येतो, तो रात्री तासन् तास खालीच राहू शकतो. झोपताना दातांना अन्न चिकटलेलं असेल तर जिवाणूंना सकाळपर्यंत मोकळं रान.

आपल्याकडे दात घासणं हा सकाळचा संस्कार आहे. 'पारोशा तोंडाने' काही खायचं नाही, हे लहानपणापासून बिंबवलेलं. सकाळी घासायला हरकत नाही, घासावेच. पण दोनपैकी एकच वेळ जमणार असेल तर मी रात्रीची निवडेन. आणि त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. रात्री घासून मग साखरेचं दूध पिणं म्हणजे घासलंच नाही असं समजावं. दूध द्यायचं तर ते आधी, ब्रश शेवटी.

घासायचं कसं, यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. मऊ ब्रश, दोन मिनिटं, हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे ब्रश तिरका धरून छोट्या गोलाकार हालचाली. जोर लावून आडवं घासल्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, मुळाजवळ खाचा पडतात आणि मग गार पाणी सणकतं. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि खालच्या दातांची जिभेकडची बाजू. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉसचा दोरा किंवा बारीक ब्रश लागतो. टाचणीने किंवा सेफ्टी पिनेने कोरणं बंद करावं.

खरी चुकणारी गोष्ट घासून झाल्यावर होते. गल्लीला जाग येईल अशा आवाजात खळखळून पाच-सहा चुळा भरणं हा आपल्याकडचा रिवाज. त्यात पेस्टमधलं फ्लोराइड, म्हणजे दाताचं कवच चिवट करणारा घटक, सगळं बेसिनमध्ये जातं. फेस थुंकून टाकावा आणि चूळ न भरता तसंच राहावं. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

फ्लोराइडची दोन टोकं

फ्लोराइडची गोष्ट उलट्या बाजूने सुरू झाली. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे आला, तेव्हा तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून चक्रावला. डाग कुरूप होते, पण त्या दातांना कीड मात्र कमी लागत होती. कारण सापडायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड हे कारण असल्याचं स्पष्ट झालं. मग प्रश्न आला, डाग पडणार नाहीत इतकंच थोडं फ्लोराइड दिलं तर? जानेवारी १९४५ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून अधिक कमी झाली.

फ्लोराइड करतं ते असं. आम्लाने सुटलेलं खनिज लाळेतून दाताला परत मिळत असताना फ्लोराइड हजर असेल, तर नव्याने बसणारा स्फटिक आधीपेक्षा चिवट होतो. तो विरघळायला पीएच साधारण ४.५ पर्यंत खाली यावा लागतो. म्हणजे त्याच बिस्किटाने आता कमी नुकसान. हे काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं, त्यासाठी गोळी गिळायची गरज नाही. म्हणून रोज दोनदा फ्लोराइडची पेस्ट लावणं हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, इतकं चालतं. ट्यूबवर ते छापलेलं असतं. बऱ्याच 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतंच. लवंग, कडुनिंब, मीठ यांची नावं वाचण्याआधी ट्यूब उलटी करून हे पाहावं.

आता दुसरं टोक. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी, दात हिरडीच्या आत घडत असताना असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर पांढरट, पिवळे-तपकिरी पट्टे येतात. ती कीड नसते आणि घासून जात नाही. प्रमाण फार असेल तर पुढे हाडंही धरतात. तिथे पहिलं काम पाणी तपासून घेणं आणि दुसऱ्या स्रोताचं पाणी मिळवणं. पण या बातम्या वाचून मुंबई-पुण्यातल्या आईने मुलाची पेस्ट बदलणं म्हणजे नको तिथे घाबरणं. पेस्ट थुंकायची असते, पाणी पोटात जातं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर वळणावळणाची पेस्ट दाखवतात ती खप वाढावा म्हणून.

काडीबद्दलही विचारलं जातं. कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी नीट चावून, धीराने फिरवली तर थर निघतो, यात शंका नाही. पण ती मागच्या दाढांच्या खाचांत पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नाही. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात ते कवच झिजल्यामुळे. आणि मिश्री हे दंतमंजन नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. सकाळी हिरडीला लावली की तल्लफ भागते, म्हणून 'मिश्री लावल्याशिवाय दात साफ वाटत नाहीत' असं गावाकडच्या कितीतरी बायका सांगतात. तिचा धोका किडीपुरता नाही, तोंडाच्या कर्करोगाचा आहे. पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला मात्र कुठला कायदा अडवणार.

'पडणारच आहेत ते दात'

दुधाचे दात पडणार म्हणून त्यांची काळजी कशाला, हे वाक्य बहुतेक वेळा आजीकडून येतं, आणि आजीला दोष देण्यात अर्थ नाही. पण दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्या पुढच्या दाढांची जागा राखून ठेवतात. लवकर काढाव्या लागल्या की शेजारचे दात सरकतात आणि नवीन दात वाकडे येतात. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड दातातल्या नसेला गाठायला वेळ लागत नाही. मूल दुखतंय असं सांगत नाही, एका बाजूने चावायला लागतं किंवा जेवणच टाळतं.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळही तिथे साचते, म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइड, रात्रीची बाटली बंद आणि नीट घासणं, एवढ्यावर ती थांबू शकते, परतूही शकते. दात आला की घासायला सुरुवात करायची, आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवायचा. ज्या मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागची दाढही नीट घासता येत नाही.

सहाव्या वर्षाची दाढ हा सगळ्यात मोठा घात. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते, आयुष्यभराची. तिच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात आणि ब्रशचे केस त्यांच्या तळाशी पोचत नाहीत. दंतवैद्याकडून या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवून घेता येतात. सुई नाही, कोरणं नाही, दुखणं नाही. रूट कॅनॉल आणि वर टोपी यांच्या खर्चाशी तुलना केली तर हा खर्च क्षुल्लक आहे, पण फार थोडे पालक हे मागून घेतात.

वयाच्या दुसऱ्या टोकाला कीड पुन्हा डोकं वर काढते. हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर एनॅमल नसतं, त्यामुळे तिथलं खनिज ५.५ च्याही बऱ्याच वर, अगदी सौम्य आम्लातही विरघळायला लागतं. त्यात रक्तदाबाची, नैराश्याची, अ‍ॅलर्जीची काही औषधं लाळ कमी करतात. तोंड कोरडं पडतं म्हणून आजोबा दिवसभर खडीसाखर चघळतात आणि सहा महिन्यांत चार दात मुळाशी काळे पडतात. कोरडेपणाची तक्रार डॉक्टरांना सांगावी, कधी औषध बदलता येतं. चघळायला बिनसाखरेचा च्युइंगगम बरा. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांची लाळ फार घटते आणि दात वेगाने किडतात. उपचार सुरू होण्याआधीच त्यांनी दंतवैद्याला भेटायला हवं.

दुखेपर्यंत थांबू नये

एनॅमलमध्ये नसा नाहीत. कीड त्यातून जात असताना काहीच कळत नाही. एनॅमलच्या आतल्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, पोचली की गार-गोड सणकतं. नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडवणारा ठणका सुरू होतो. म्हणजे दुखायला लागलं तेव्हा दोन टप्पे होऊन गेलेले असतात. पहिल्या टप्प्यावर फ्लोराइड, दुसऱ्यावर सिमेंट, तिसऱ्यावर रूट कॅनॉल किंवा दात काढणं. खड्डा एकदा पडला की तो कुठल्याही पेस्टने, पावडरीने भरून येत नाही.

लवंगेच्या तेलाचा बोळा ठणका तासभर दाबतो, बरं काही करत नाही. दाढेशेजारी वेदनाशामक गोळी दाबून धरणं तर टाळावंच, हिरडी भाजून निघते. आणि ठणका अचानक आपोआप थांबला तर दात बरा झाला असं नसतं. बहुधा आतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाशी चालूच असतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, सकाळपर्यंतही थांबू नये.

खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग असते, एक दिवस जातो, पण तपासणी आणि साध्या उपचारांचे दर खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतात. मुलाला घेऊन जाणार असाल तर सहाव्या वर्षाची दाढ दाखवून सीलंटबद्दल स्वतःहून विचारा.